गंगथडीच्या मळ्यांत भीमथडीचें तट्टू

भीमथडीच्या तट्टांचें नांव ज्याच्या कानीं पडलें नाहीं असें मराठी घर विरळाच असेल. राजा बढे यांच्या ज्या गीतास २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें राज्यगीताचा मान दिला, त्यांत हीं तट्टें आहेत. त्यामुळें आतां शाळाशाळांतून मुलें त्यांचें नांव घेतात. परंतु तीं दिसतात कशीं, आज तीं आहेत कीं गेलीं, असें एखाद्या चौकस मुलानें विचारलें तर नीट उत्तर देणारा वडील मनुष्य सांपडणें कठीण. आमच्या पंचवटीतील घरीं हा प्रश्न जेवणाच्या वेळीं निघाला तेव्हां पानांवर तीन पिढ्या बसल्या होत्या आणि तिन्ही पिढ्यांचीं उत्तरें निराळीं निघालीं. वडील बंधूंचें म्हणणें, तीं पानिपतावर संपलीं. सूनबाईंचें म्हणणें, तो नुसता कवीचा अलंकार आहे. आणि माझा दहा वर्षांचा नातू म्हणाला कीं, रामकुंडाकडे मुलांना पाठीवर बसवून फिरवितात तींच तीं असतील.

तिघांत नातवाचें उत्तर सत्याच्या सर्वांत जवळ होतें. हीं तट्टें संपलेलीं नाहींत. २०२३ साल सरून २०२४ उजाडण्याच्या सुमारास कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें ‘भीमथडी’ ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून आपल्या नोंदवहींत दाखल करून घेतली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झांस्कारी, मणिपुरी, भूतिया आणि कच्छी-सिंधी या सात जाती आधीं मान्य झालेल्या होत्या. भीमथडी ही आठवी. ज्या तट्टांनीं अठराव्या शतकांत उत्तर हिंदुस्थान पालथा घातला, त्यांना आपल्याच देशाच्या यादींत जागा मिळावयास एकविसाव्या शतकाचें चोविसावें वर्ष उजाडावें लागलें. पुणें, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांत मिळून अशीं सुमारें पांच हजार जनावरें उरलीं असावींत असा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक सर्व एकाच समाजाच्या हातीं आहेत. तो समाज सरदारांचा नव्हे, श्रीमंतांचाहि नव्हे. मेंढ्या घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरांचा तो समाज आहे.

थडी म्हणजे नदीचा कांठ. भीमेची ती भीमथडी, नीरेची ती नीरथडी. आम्हां नाशिककरांना गोदावरी ही गंगाच. ‘गंगेवर जाऊन येतों’ असें म्हणणारा येथील गृहस्थ कांहीं काशीला निघालेला नसतो. अर्थात् आमची ती गंगथडी. १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या ग्रँट डफनें घोड्यांच्या पैदाशीविषयीं नांवाजलेले प्रदेश म्हणून गोदावरी, भीमा, नीरा व माण या नद्यांचे कांठ सांगितले आहेत. म्हणजे जुन्या काळीं भीमथडीच्या तट्टाला गंगथडीचें तट्टू हें भावंडच होतें. आज भावंडांपैकीं एकाचेंच नांव राहिलें आहे. हें वाचल्यापासून आमच्या नदीच्या बाजूला असें एखादें जनावर पाहावयास मिळेल काय, अशी रुखरुख मला लागली होती. ती अशी फिटली कीं, म्हसरूळच्या पलीकडे मळा असलेल्या आमच्या एका जुन्या स्नेह्यांनीं मार्गशीर्षांत निरोप धाडला, ‘पारनेरकडचा वाडा मळ्यांत उतरला आहे. घोड्या आहेत. पाहावयाच्या असतील तर दोन दिवसांत या.’

वाडा म्हणजे येथें इमारत समजावयाची नाहीं. चार-पांच धनगर कुटुंबें आपापलीं मेंढरें एकत्र करून एका कारभाऱ्याच्या सल्ल्यानें चालतात, त्या चालत्या वस्तीला वाडा म्हणतात. दिवाळीनंतर कोरडवाहू गांवांतून निघावयाचें, पाणी व पाला असेल तिकडे सरकत राहावयाचें, आणि पाऊस लागला कीं परत फिरावयाचें, असा त्यांचा वर्षाचा फेरा असतो. वाटेंत ज्याचें शेत मोकळें असेल तो शेतकरी त्यांना आग्रहानें बोलावितो. कारण चारशें मेंढरें एका शेतांत तीन रात्री बसलीं म्हणजे लेंडीखताची जी बेगमी होते, तशी पोत्यांतल्या खतानें होत नाहीं असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. मोबदला धान्यानें किंवा रोख. आमच्या स्नेह्यांचा मुख्य बाग द्राक्षांचा. तेथें मेंढरूं शिरलें तर अनर्थच. परंतु टोमॅटो निघालेला तीन एकरांचा तुकडा रिकामा होता, त्यांत सुताच्या जाळ्यांचें कुंपण करून मेंढरें बसविलीं होतीं. त्या जाळ्यांना ते वाघर म्हणतात.

मी, सूनबाई व दोघे नातू असे आम्ही सकाळीं आठाच्या सुमारास तेथें पोंचलों. धुकें नुकतें वर चढत होतें व चांभार लेण्यांचा डोंगर अर्धाच दिसत होता. बांधाच्या कडेला सात घोड्या चरत होत्या, एकीजवळ शिंगरूं होतें. पाय मोकळे राहून दूर मात्र जातां येऊं नये अशा बेतानें पुढच्या दोन पायांना आंखूड दोरी बांधलेली. तबेला नाहीं, मोतद्दार नाहीं, तोबरा नाहीं. दोन्ही नातू धांवत पुढें गेले आणि मध्येंच थबकले. धाकट्याचा चेहरा एकदम उतरला. त्यानें चौकांतल्या पुतळ्याचा घोडा मनांत धरला होता. समोर जें उभें होतें त्याची पाठ सूनबाईंच्या खांद्याच्याहि खालीं होती.

“आजोबा, एवढेंसेंच?” तो म्हणाला.

कारभारी शेजारीं उभे होते. वय सत्तरीच्या घरांत, डोक्याला लाल पागोटें, खांद्यावर घोंगडी. त्यांना मुळींच राग आला नाहीं. ते हंसून म्हणाले, “बाळा, उंच घोडं घाटात काय कामाचं? वझं डोंगरावर न्यायचं असतं, आभाळाला न्यायचं नसतं.”

मुलाच्या निराशेचा दोष मुलाकडे नाहीं. आपल्याकडील अश्वारूढ पुतळे व चित्रें पाहिलीं तर त्यांतील घोडे बहुधा इंग्रजी शर्यतीच्या घोड्यासारखे लांब पायांचे व उंच मानेचे असतात. शिल्पकाराला स्वाराचें मोठेपण घोड्याच्या उंचीनें दाखवावें लागतें, ही त्याच्या कलेची अडचण असेल. पण त्यामुळें ज्या जनावरानें खरें काम केलें तें आपल्या डोळ्यांआड झालें. भीमथडी घोड्याची उंची साधारण १३० सेंटीमीटर, म्हणजे सव्वाचार फुटांच्या आसपास भरते. मराठ्यांचें घोडदळ सामान्यतः अशाच लहान चणीच्या तट्टांवर बसलेलें होतें.

ज्या घोडीला शिंगरूं होतें ती कुमाईत रंगाची होती. अंग तांबूस-काळसर, आयाळ, शेपूट व गुडघ्याखालील पाय काळे. कपाळ रुंद, तोंड सरळ, कान लहान व सारखे हलते. पाठ आंखूड, छाती भरदार. पाय बारीक दिसले तरी हाताला हाड जाड लागलें. मला सर्वांत पाहण्यासारखे वाटले ते तिचे खूर. नाल कधींच ठोकलेली नव्हती. तरीहि काळ्या दगडासारखे घट्ट, कडा एका रेषेंत झिजलेल्या, कोठें चीर नाहीं. कारभाऱ्यांनीं तिचा ओंठ वर करून दांत दाखविले व ती सहा वर्षांची असल्याचें सांगितलें. मानेवरचा एक भोंवरा बोटानें दाखवून ते म्हणाले, हा शुभ. डोळ्याखालीं असता तर घेतली नसती. शालिहोत्राच्या नांवावर चालत आलेल्या अश्वशास्त्रांतहि भोंवऱ्यांचीं शुभाशुभ लक्षणें विस्तारानें दिलेलीं आहेत. कारभाऱ्यांनीं कोणतेंहि शास्त्र वाचलेलें नव्हतें, आणि आमच्यापैकीं कोणाला भोंवऱ्याकडे पाहून घोडी घेण्याचा प्रसंग कधीं आला नव्हता. विद्या कोणाकडे राहिली म्हणावी?

“खायला काय घालतां?” मीं विचारलें.

“घालायचं काय? ती खाते. बांधाचं गवत, कडबा असला तर कडबा. व्यायलेली असली तर मूठभर बाजरी. दाणा लावला की सवय लागती, मग रानात उपाशी ऱ्हाती.”

एवढ्यावर ती रोज किती काम करिते तें कारभारणीनें सूनबाईंना सांगितलें, आणि मला वाटतें त्या दिवशीं खरी माहिती मिळाली ती या बायकांच्या बोलण्यांतूनच. कारण घोड्या हें बायकांचें खातें आहे. तळ हलवावयाच्या दिवशीं पुरुष मेंढरें घेऊन चरत चरत आडवाटेनें जातात; बायका घोड्यांवर संसार लादून सरळ वाटेनें पुढें जातात, आणि मेंढरें पोंचण्यापूर्वीं नवी जागा झाडून, चूल मांडून, पाणी भरून ठेवितात. एका घोडीवर एका घराचें सर्व बिऱ्हाड चढतें. खालीं गोधड्या व घोंगड्या, म्हणजे पाठीला रुतत नाहीं. दोहों अंगांना धान्याचीं पोतीं. त्यावर भांडीं, वाघरीचीं गुंडाळलेलीं जाळीं व खुंट्या. मग कोंबड्यांची पाटी. आणि काल-परवां जन्मलेलीं कोंकरें, ज्यांच्या पायांत अजून चालण्याचें बळ नसतें. सगळ्यांच्या वर, दोन पोत्यांच्या खोबणींत, चालतां न येणारें मूल.

“भीति नाहीं वाटत, आजी?” सूनबाईंनीं विचारलें.

“भ्या कशाचं, लेकी? तंग जरा ढिला झाला की ही आपण हून उभी ऱ्हाती. मी पुढं कासरा धरून चाललेली, मला मागचं काय दिसतंय? कासरा ताणला की समजायचं, मागं काहीतरी सुटलं. माझी तीन लेकरं हिच्या आईच्या पाठीवर वाढली.”

ज्याला मोटारींतून लहान मूल घेऊन प्रवास करण्याची संवय आहे त्यानें या वाक्यावर क्षणभर थांबावें.

हीं जनावरें अशीं कां घडलीं याचा थोडा इतिहास येथें सांगणें भाग आहे. दक्षिण हिंदुस्थानच्या दमट हवेंत घोडा नीट वाढत नाहीं. म्हणून येथील राज्यांना शतकानुशतकें समुद्रापलीकडून घोडे आणावे लागत. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मार्को पोलोनें दक्षिणेंतील राजे दरवर्षीं परदेशी घोड्यांवर केवढें द्रव्य उधळीत आणि अयोग्य खाण्यामुळें व निगेअभावीं ते घोडे कसे मरत, याचें नवल केलें आहे. पुढें १५१० नंतर गोवें पोर्तुगिजांच्या हातीं गेलें तेव्हां अरबी घोड्यांच्या व्यापाराची नाडीच त्यांच्या मुठींत आली. सह्याद्रीच्या पूर्वेचा, पावसाच्या छायेंतला कोरडा पट्टा मात्र या सर्वाला अपवाद होता. तेथील गवत आंखूड पण कसदार, हवा कोरडी, जमीन खडकाळ. बाहेरून आलेलें अरबी व तुर्की रक्त येथील लहान तट्टांत मिसळलें, आणि निसर्गानें व दुष्काळानें त्यांतून निवड केली. पहिल्या पिढीचें देखणेपण गेलें. पण फुफ्फुस, खूर आणि भुकेला तोंड देण्याची शक्ति राहिली.

शिवछत्रपतींनीं ही शक्ति ओळखली, परंतु तिच्यावर विसंबून मात्र ते राहिले नाहींत. सभासदाच्या बखरीप्रमाणें पागेंत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि त्या पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद ठरलेला असे. महाराजांची या बाबतींतली दृष्टि कळावयास चिपळूणनजीकच्या छावणींतील अधिकाऱ्यांस त्यांनीं पाठविलेलें पत्र पाहावें. राज्याभिषेकाच्या आगेंमागें, पावसाळा तोंडावर आला असतां तें लिहिलेलें आहे. त्याचा आशय असा कीं, जमविलेला दाणा व वैरण आतांच मन मानेल तशी खर्चाल तर ऐन पावसांत घोड्यांना कांहीं उरणार नाहीं. तीं मेलीं तर तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुमचे लोक पोटासाठीं कुणब्याच्या घरांत शिरतील, आणि रयतेला वाटेल कीं याहून मोगल बरे. एवढ्यावर पत्र थांबत नाहीं. रात्रीं दिवे जळते ठेवूं नका, एखादा उंदीर पेटलेली वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत तें जातें. घरांतल्या कर्त्या बाईनें कोठीच्या दारांत उभें राहून सांगावें, तसा हा राजा सांगतो आहे. गवत जळलें तर घोडा गेला, घोडा गेला तर राज्य गेलें, हा हिशेब त्यांत आहे.

त्या हिशेबाचें फळ पहिल्या बाजीरावांच्या काळीं दिसलें. २८ फेब्रुवारी १७२८ रोजीं गोदावरीच्याच खोऱ्यांत, वैजापूरनजीक पालखेड येथें निजामुल्मुल्क कोंडींत सांपडला. त्याच्याजवळ जड तोफा होत्या. बाजीरावांजवळ वेग होता. महिनोन्महिने मराठी फौज खानदेशांतून, गुजराथेंतून त्याला चकवीत फिरली, आणि अखेर त्याचें पाणी तोडलें. मुंगी-शेवगांवचा तह झाला तोहि गंगाकांठींच. दुसऱ्या महायुद्धांतील इंग्रज सेनापति माँटगोमरी यानें आपल्या युद्धेतिहासांत या मोहिमेची तारीफ केली आहे. सेनापतीची बुद्धि बाजीरावांची. परंतु ती बुद्धि ज्या पायांवर चालली ते पाय वाटेवरच्या गवतावर जगणारे होते, हें माँटगोमरीनें लिहिलें नसलें तरी आपण ध्यानांत ठेवावें. पुढें १७५८ त रघुनाथरावांच्या हाताखालीं हींच तट्टें लाहोरला पोंचलीं. तेच रघुनाथराव नंतर आमच्या आनंदवल्लीस येऊन राहिले. आनंदवल्लीच्या घाटावर स्नानाला जाणाऱ्या किती लोकांच्या हें मनांत येत असेल?

१८१८ त पेशवाई संपली आणि तट्टांचें काम संपलें. शिलेदाराचा घोडा हा त्याचा पोटाचा धंदा होता. फौजच मोडली तेव्हां पैदास कोणासाठीं करावयाची? इंग्रजांना आपल्या उंच स्वारांसाठीं उंच घोडे हवे होते. ते त्यांनीं ऑस्ट्रेलियांतून आणविले. वेलर म्हणत तेच हे घोडे. दरम्यान १८७६–७८ चा दुष्काळ आला, रेल्वे आली. आमच्या नाशकांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टेशनपासून गांवापर्यंत ट्राम सुरू झाली ती आरंभीं घोडेच ओढीत. पुढें तीहि घोड्यांच्या हातून गेली, आणि १९३० नंतर थोडक्याच वर्षांत ट्रामच बंद पडली. टांगे आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत गेले. २०१९ च्या पशुगणनेंत सबंध देशांतील घोडीं व तट्टें मिळून साडेतीन लाखांहूनहि कमी भरलीं. त्याआधींच्या गणनेपेक्षां हा आंकडा पंचेचाळीस टक्क्यांनीं खालीं आला होता.

या सगळ्या पडझडींत भीमथडीचें रक्त टिकलें तें धनगराच्या ओझ्याखालीं. इराणांत असाच एक प्रकार घडला आहे. कॅस्पियन समुद्राच्या बाजूची एक प्राचीन, लहान चणीची अश्वजात केव्हांच नष्ट झाली असें सर्व धरून चालले होते. १९६५ सालीं लुईझ फिरूझ नांवाच्या अमेरिकन बाईंना आमोल गांवीं गाड्या ओढणाऱ्या तट्टांत ती जिवंत सांपडली. जात राजाच्या पागेंतून जाते आणि हमालाच्या हातीं राहते, असें दिसतें. मात्र हमालाच्या हातीं असलेली वस्तु हमालाची गरज संपली कीं संपते.

त्याच वादाला त्या सकाळीं मळ्यांत तोंड फुटलें. कारभाऱ्यांचा थोरला मुलगा तिशीच्या आंतला, चुणचुणीत. त्यानें खिशांतला मोबाइल काढून मला एक चित्र दाखविलें. मारवाडी जातीचा उंच नर, कानांचीं टोंकें आंत वळून एकमेकांना भिडलेलीं, दृष्ट लागण्यासारखा. दत्तजयंतीला तापीकांठच्या सारंगखेड्याच्या यात्रेंत असे घोडे लाखांच्या मोलानें जातात. मुलाचा बेत असा कीं, या खेपेस घोडीला तसा नर दाखवावा. “शिंगरूं उंच होईल, काका. लग्नाच्या वरातीला मागतात, नाचायला मागतात. आपलं हे तट्टू कोण घेतंय? पाच-दहा हजारांत जातं. मेंढरामागं जन्म काढून काय मिळालं? टेम्पो घेतला तर एका खेपेत बिऱ्हाड जाईल.”

कारभारी कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “टेम्पो सडकेनं जाईल. मेंढरं कुठनं जातील?”

“सडकेच्या कडंनं.”

“आन् कडंला गवत कुठाय? अन् रात्री डिझेल कोण घालतंय?”

हा वाद बापलेकांचा होता. त्यांत मीं पडण्याचें कारण नव्हतें. पण दोघांचेंहि खरें होतें, हें मात्र येथें नमूद केलें पाहिजे. वाड्यांच्या जुन्या वाटा तुटत चालल्या आहेत. गायरानें गेलीं, रानांत चराईला मज्जाव, नव्या रुंद हमरस्त्याला भिंती. ओलांडावयाचा तर खालच्या बोगद्यापर्यंत दोन-दोन कोस वळसा, असें कारभारणीनेंच सांगितलें. अशा स्थितींत तरुण मुलानें टेम्पोचा विचार करूं नये तर काय करावें? आणि उंच नराचा मोह तर त्याहून सोपा. परंतु पांच हजार जनावरांत दरवर्षीं शेंकडों घोड्यांना परक्या जातीचे नर लागले, तर वीस-पंचवीस वर्षांत नोंदवहींतलें नांव राहील आणि नांवाखालचें जनावर जाईल. त्या संकराच्या उंच शिंगरांच्या अंगीं घाट उतरण्याचें व कडब्यावर जगण्याचें कसब राहीलच असें नाहीं. वरातींत नाचणाऱ्याला तें लागतहि नाहीं.

कर्नालच्या मान्यतेनें यांत काय पालट होईल? ती मान्यता फुकट मिळालेली नाहीं. हिसार येथें अश्वसंशोधनाचें राष्ट्रीय केंद्र आहे. शरीराचीं मापें, रंगांचें प्रमाण, आनुवंशिक घटकांची तपासणी, असा पुरावा जमल्याखेरीज कोणतीच जात नोंदली जात नाहीं. नोंद झाल्यानें संवर्धनाच्या योजना आंखतां येतात, शुद्ध नर राखतां येतात, दावा सांगतां येतो. पण मणिपुराचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. तेथील तट्टू ही आधुनिक पोलो खेळाची जननी. जात मान्य, कीर्ति जगभर. असें असतांहि २०१२ च्या गणनेंत तीं अकराशेंच भरलीं, कारण चरावयाचीं पाणथळ कुरणें बुजत गेलीं. नोंदवही कुरणाची जागा घेऊं शकत नाहीं. मणिपुरांत निदान पोलो तरी आहे. भीमथडीला धनगराच्या बिऱ्हाडापलीकडे आज दुसरें काम नाहीं, आणि तें मिळवून देणें सरकारापेक्षां आपणां शहरवासीयांना सोपें आहे असें माझें मत आहे. मुलांना घोड्यावर बसावयास शिकविणाऱ्या ज्या संस्था आहेत त्या उंच परदेशी घोड्यांवर खर्च करितात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला सव्वाचार फुटांचें, शांत स्वभावाचें, मूठभर बाजरीवर राहणारें तट्टू अधिक योग्य नव्हे काय? माझ्या धाकट्या नातवानें तर पाऊण तासांतच आपलें मत बदललें होतें. कारभारणीनें त्याला घोडीच्या उघड्या पाठीवर बसविलें, आणि बांधाच्या टोंकापर्यंत जाऊन येईपर्यंत त्याच्या तोंडून ‘एवढेंसें’ हा शब्द पुन्हां निघाला नाहीं.

आमचे स्नेही आतांपर्यंत ऐकत होते. त्यांनीं अखेर एक तोड काढली. शिंगरूं नर होतें, चार महिन्यांचें. असे नर लहानपणींच विकून टाकण्याची वाड्याची चाल. दोन-दोन नर पाळून काय करावयाचें? स्नेही म्हणाले, यात्रेंत देण्यापेक्षां हें मला द्या. मी तो मळ्यांत वाढवीन, खच्ची करणार नाहीं. दरवर्षीं तुम्ही या वाटेनें येतांच. तुमच्या नि इतर वाड्यांच्या घोड्यांना हाच नर राहील, पैसा घेणार नाहीं.

कारभाऱ्यांनीं ताबडतोब अडचण काढली. “ह्याच्या आईला हा चालायचा नाही. ह्या दोघी बहिणी, त्यांनाबी नाही. आमच्या सातांत चारच घोड्या उरल्या.” मग संगमनेरच्या बाजूला मेहुण्यांचा वाडा आहे, त्यांच्याकडे दुसऱ्या रक्ताचा नर आहे, या तिघी तिकडे आणि तिकडच्या इकडे, असा हिशेब बोटांवर सुरू झाला. घोडी अकरा महिने गाभण राहते. त्या मानानें कोणती कोठें केव्हां पोंचेल हें त्यांनीं महिन्यांच्या व गांवांच्या नांवांनीं पाठ म्हणावें तसें सांगितलें. थोरल्या मुलानें मोबाइल खिशांत ठेवला, तो पटलें म्हणून कीं वडिलांपुढें बोलावयाचें नाहीं म्हणून, तें मला कळलें नाहीं. सारंगखेड्याचा विचार त्यानें सोडला असेल असें मला वाटत नाहीं. आपल्या स्वतःच्या घोडीपुरता तरी तो जाईलच.

सौदा ठरला तो असा: दोन पोतीं बाजरी आतां, एक पुढल्या वर्षीं, आणि रोख रक्कम यात्रेंत आली असती त्याच्या निम्मी. शिंगरूं सहा महिन्यांचें होऊन दूध सुटलें कीं, परतीच्या वाटेवर मळ्यांत ठेवावयाचें. तिसऱ्या दिवशीं पहाटे वाडा उठला. निघतांना कारभारणीनें स्नेह्यांच्या घरच्या बाईंना बजावलें, “पेंड घालू नका, पोट सुटंल. नाल तीन वर्षं ठोकू नका. लाडानं गूळ दिला तरी चालंल, पण हातानं नाही, ताटलीत. हातानं दिला की चावरा होतो. अन् आठवड्यातनं दोनदा तरी ह्या लेण्याच्या डोंगरावर चढवा, नाहीतर खूर मऊ पडतील.”